एका छपराखालच्या कोठाराची हकिकत

श्रीअन्नपूर्णा प्रसन्न. जिच्या हातातील पळी कधी रिती होत नाही तिचे पायी मस्तक ठेवून, आणि ज्या घरी आजचे धान्य उद्यास पुरते त्या घरास नमस्कार करून, ही हकिकत लिहिली आहे. वाचणाराने आधी पोटभर जेवावे, मग वाचावे. उपाशी पोटी वाचल्यास जागोजाग भूक लागेल, त्याचा दोष लिहिणाराकडे नाही.

शके सोळाशे चव्वेचाळीस, शुभकृत् नाम संवत्सरे, दक्षिण देशी एक राज्य होते. नदी बारमाही, जमीन काळी, लोक बोलके. थोरले महाराज राज्य पुत्राचे हाती सोपवून काशीवास पत्करून बसले होते, आणि गादीवर राजे हैबतराव होते. वय पंचविशीचे, मन मोठे, हात सढळ, स्वारीस निघाले की घोड्यासही आनंद. दोष म्हणावे तर दोनच. एक, दुसऱ्याकडे काही चांगले दिसले की ते आपल्याकडे त्याच्या दुप्पट व्हावे, आणि दुसरा, तपकीर. तपकिरीची डबी रात्रंदिवस मुठीत, तेणेकरून नाक ऐसे जड जाहले होते की मोगरा आणि लसूण यांत त्यांस भेद उरला नव्हता. मातोश्री गोजराऊ आईसाहेब, ह्या देवीच्या नेमाकरिता मागे राहिलेल्या. त्यांचा नेम साधा होता. रोज सकाळी स्नान करून, आपल्या हाताने मूठभर धान्य शिजवून अन्नपूर्णेस नैवेद्य दाखवावा आणि मग आपण जेवावे. नैवेद्याचे धान्य आपल्या घरच्या साठ्यातले असावे, मागून आणू नये, आणि ताटात जे येईल त्या अन्नाला कधी नाव ठेवू नये. सून होऊन आल्या त्या दिवसापासून हा नेम एक दिवस चुकला नव्हता, आणि त्याची वाच्यताही त्यांनी कधी केली नव्हती. नेम हा चुलीतल्या निखाऱ्यासारखा, राखेखाली असावा आणि त्याने ऊब द्यावी, ऐसे त्यांचे मत.

त्या राज्यात वस्तू ठेवण्याची घरे बहुत, आणि जितकी घरे तितकी नावे. धान्याचा तो अंबारखाना, वस्त्रांचा जामदारखाना, हत्यारांचा शिलेखाना, तोफेच्या दारूचा दारूखाना आणि तो गावापासून लांब. तंबू आणि बिछायती फरासखान्यात, उंटांची खोगिरे आणि झुली उष्टरखान्यात, मीठ आणि लाकूड नदीकाठच्या वखारीत, रोजचा शिधा कोठीत. वाड्याच्या भिंतीत पोकळी ठेवून तीत धान्य भरीत ते बळद, वेळूच्या कामट्यांची विणून शेणाने सारवीत ती कणगी, आणि कडब्याच्या पेंढ्या रचून उभी करीत ती गंज. नाव घेतले की आत काय ते कळे, आणि जवळ काय नेऊ नये तेही कळे. दारूखाना म्हटले की चिलीम बाहेर, आणि कोठी म्हटले की जोडे बाहेर. कोणी शिकविले नव्हते. पोर बोलू लागते तशी नावे तोंडी बसत आणि नावांबरोबर रीत बसे.

ऐसे सुखात असता राजांचे लग्न जाहले, आणि पहिल्या दिवाळसणास राजे सासुरवाडीस गेले. ते राज्य नदीपलीकडे. तेथे हत्तीवरून मिरवत जाता राजांनी नदीकाठी एक इमारत पाहिली. लांबी ऐसी की एका टोकास उभे राहिले तर दुसरे टोक धुक्यात. खिडक्याच खिडक्या, आणि अवघ्यांवर एकच कौलारू छप्पर. हत्ती पुढे गेला तरी राजांची मान मागेच. आता, आत काय आहे हे विचारावे, तर चाल आडवी आली. जावयाने सासुरवाडीच्या साठ्याकडे बोट दाखवून "यात काय?" ऐसे पुसू नये, पुसले तर जावयास पोटभर मिळाले नाही ऐसा अर्थ होतो, आणि सासूस आठ दिवस डोळ्यांस पदर लावावा लागतो. म्हणून राजे पुसले नाहीत. मनाशीच म्हणाले, हे यांचे कोठार. अवघे राज्य एका छपराखाली! आणि आपण काय, तर इथे कणगी, तिथे वखार, भिकाऱ्याच्या झोळीसारखे ठिगळ ठिगळ. मग चार दिवस करंज्या खाल्ल्या त्या गोड लागल्या नाहीत.

परत येताच कारभारी कोन्हेरपंत यांस बोलावणे जाहले. कोन्हेरपंत हुषार, कामाचे खरे, परंतु राजांनी "पंत" म्हटले की आधी "उत्तम" म्हणत आणि मग काय ते ऐकत.

राजे म्हणाले, "पंत, आम्ही एक कोठार बांधणार."

"उत्तम!"

"एकच. अवघे त्यात. धान्य, दारू, गूळ, खोगिरे, वस्त्रे, मीठ, सारे एका छपराखाली. जेथे जेथे छप्पर आहे तेथे तेथे आपली माणसे पाठवा, घर रिकामे करा, आणि दारावरचे जुने नाव खरवडून टाका. यापुढे या राज्यात साठवणीच्या घरास नाव एकच, कोठार."

"उत्तम. आणि कोणी सवयीने जुने नाव घेतले तर, महाराज?"

राजे दयाळू. दंड, कैद हे शब्द त्यांच्या तोंडी यावयाचे नाहीत. थोडा विचार करून म्हणाले, "त्याने नव्या कोठारास एक प्रदक्षिणा घालावी. पाय दुखले की जीभ सुधारते."

मग काम लागले. वाड्यातल्या देवीच्या देवळामागे तुळशीवृंदावनाची मोकळी जागा होती, तिच्या शेजारी पाया खणला, आणि थंडीभर गवंडी, सुतार, कौले शाकारणारे यांची धांदल उडाली. तुळशीवृंदावनापाशी मातीत बसलेली एक सपाट शिळा होती, तीवर घोंगडी टाकून कोन्हेरपंत सकाळपासून सांजेपर्यंत बसत आणि हुकूम सोडीत. आईसाहेब तुळशीस पाणी घालावयास येत, तेव्हा त्या शिळेकडे पाहत, पंतांकडे पाहत, आणि काही न बोलता जात. फाल्गुनात कोठार पुरे जाहले. सासुरवाडीच्या दुप्पट. आणि मग गाड्या, बैल, उंट, हमाल यांची रांग लागली; छप्पर दिसले की आत शिरावे, असेल ते उचलावे, आणि कोठारात नेऊन टाकावे. उतरंडी गेल्या, रांजण गेले, बळदांची तोंडे फोडून धान्य गेले. उन्हाळ्यासाठी ठेविलेल्या, पाणी वाहणाऱ्या भिस्त्यांच्या चामडी पखाली गेल्या, त्या तांदळाच्या राशीवर पसरल्या, कारण जागा तेथे होती. हिंगाचे डबे उंटांच्या झुलीत गुंडाळून गेले. मिठाच्या गोण्या तोफेच्या दारूस टेकून बसल्या, आणि गुळाच्या ढेपा राणीवशाच्या शालूंवर.

राजांनी नारळ फोडला, आत फेरी मारिली, तपकीर ओढिली आणि म्हणाले, "पंत, सुवास कसा दरवळतो आहे!"

पंतांचे डोळ्यांस पाणी आले होते, ते हिंगाचे. म्हणाले, "उत्तम."

मग मौज जाहली ती लिहावयास हवी. नियम तर केला, परंतु जीभ ही म्हैस आहे, रोजच्या वाटेने जाते. शिलेदार म्हणाला, "शिलेखान्यातून तलवार आणितो," तो गेला प्रदक्षिणेस. फरास म्हणाला, "फरासखान्याची किल्ली कुणाकडे?" तोही गेला. चोपदार त्या दोघांस हसता हसता म्हणाला, "बरे जाहले, मी अंबारखान्याचे नाव घेत नाही," आणि जीभ चावून त्यांच्या मागे लागला. दुपारच्या दरबारास माणूस मिळेना. अवघा दरबार कोठाराभोवती, कोणी धापा टाकीत, कोणी विडा चघळीत. एके दिवशी खासे राजेच म्हणाले, "जामदारखान्यातला शेला आणा." सारे चित्रासारखे उभे राहिले. राजे जोडे काढून प्रदक्षिणा घालून आले आणि म्हणाले, "चला, पुढचे काम." म्हणून लोक राजांवर रागावत नसत. अशा धन्यावर रागावणार तरी कसे?

परंतु कोठार रागावले होते. शिमग्यास तोफेस बत्ती दिली तर तोफ म्हणाली "फुस्स" आणि गप्प बसली. दारू मिठाची ओल प्याली होती. शालू उलगडला तर मुंग्यांची वरात. आणि भात! भाताचे काय सांगावे. चुलीवर ठेविला की आधी हिंग निघे, मग झुलीचा वास निघे, आणि झाकण काढिले की पखालीचे चामडे ऐसे येई की जेवणाराने एकदा ताटाकडे पाहावे आणि एकदा दाराकडे. परंतु बोलावे कोणी? आईसाहेबांचा नेम तो अवघ्या राज्याची रीत होती. अन्नाला नाव ठेवू नये, ही गोष्ट त्या राज्यात दुधाबरोबर पाजीत. म्हणून प्रधान जेवले, शिपाई जेवले, डोळे मिटून जेवले, कोणी नाकात कापूस घालून जेवले, आणि कोणी अवाक्षर काढिले नाही. राजांस तर वासच नव्हता. "आमचे कोठार जाहल्यापासून लोक किती शांतपणे जेवतात," ऐसे ते अभिमानाने म्हणत.

वाड्यातल्या स्वयंपाकावर ठकूबाई म्हणून एक होती. आईसाहेबांच्या माहेरून पाठराखीण आलेली, जीभ तिखट, मन गुळाचे. पहिल्या दिवशी आईसाहेबांनी नैवेद्याकरिता मूठभर तांदूळ धुतले आणि हात थांबला. पुन्हा धुतले, तिसऱ्या पाण्याने धुतले. शिजविले, वाटीत घेतले, देवीसमोर नेले, आणि पाटावर न ठेविता तसेच परत आणिले.

ठकू म्हणाली, "आईसाहेब, हा भात नव्हे, उंट आहे."

"ठकू, अन्नाला नाव ठेवू नये."

"अन्नाला कुठे ठेवते? उंटाला ठेवते. मी जाऊन सांगू का राजांना?"

"काय सांगशील?"

"की तुमचे कोठार..." आणि ठकू अडली. तिच्याही अंगी तीच रीत होती.

आईसाहेब हळू बोलत, हसत बोलत. म्हणाल्या, "त्याने हौसेने बांधले आहे. लहानपणी मातीचा किल्ला करी आणि मला बोलावून दाखवी, तसाच हात धरून दाखवीत होता. आणि देवीला चामड्याचा वास कसा दाखवू? मी आपली फळे खाईन, दूध घेईन. देवी बघेल काय ते."

मग आईसाहेब फळांवर राहिल्या. देवीसमोर केळे ठेवावे आणि तेच आपण घ्यावे. दिवस गेले, शुभकृत् सरून नवे संवत्सर लागले, चैत्राची पालवी आली, आणि आईसाहेबांच्या बांगड्या मनगटावरून निघाल्या त्या कोपरापाशी जाऊन थांबू लागल्या. पदराखाली हात ठेवीत, म्हणून कोणाचे लक्ष गेले नाही. जीव धान्यावर वाढलेला. फळाने मन भरे, गुडघे भरत नसत.

इतक्यात नदीपलीकडून सांगावा आला. अक्षय्यतृतीयेस व्याही-विहीण सहपरिवार येणार, पहिल्या सालचे व्याहीभोजन व्हावयाचे. आईसाहेबांनी बोटांवर दिवस मोजले. त्या देशीची चाल ऐसी की पहिल्या व्याहीभोजनास दोघी विहिणींनी समोरासमोर बसून एकमेकींस पहिला घास भरवावा, तो अन्नाचा, फळाचा नव्हे. एकीने घास नाकारिला तर मुलीच्या माहेरचे ताटावरून उठून जातात, आणि सून आयुष्यभर दोन्ही घरांच्या मध्ये उभी राहते. घास घ्यावा तर देवीस न दाखविलेले अन्न पोटात जाऊन नेम मोडतो, न घ्यावा तर सूनबाईचे माहेर तुटते. आणि सूनबाई तर पाकळीसारखी पोर, येता-जाता "आईसाहेब, माझ्या आईला काय काय दाखवू?" म्हणून आनंदाने नाचत होती. तिला काय सांगावे?

आईसाहेब त्या दिवशी तुळशीपाशी बहुत वेळ बसल्या. राजास सांगावे तर अन्नास नाव ठेवल्यासारखे होते. घास नाकारावा तर लेकराचे घर. मग त्यांस एकाएकी हसू आले. अवघ्या पृथ्वीवर एक मनुष्य ऐसे होते की त्यास अन्नाला नाव ठेवण्याची मुभा होती. मुभा काय, तो त्याचा हक्कच. विहीण! पंगतीत विहिणीने खोड काढावी ही पूर्वापार रीत. ती कोणी मनावर घेत नाही, आणि न काढिली तर यजमानासच चुकल्यासारखे होते. मग त्यांनी सांगावा धाडिला की, "चैत्रगौर बसली आहे, सूनबाईंचे पहिले हळदीकुंकू. अक्षय्यतृतीयेच्या आदल्या दिवशीच विहीणबाईंनी यावे, लेकीचे कौतुक पाहावे."

विहीणबाई सुंदराऊ, अंगाने भरल्या आणि आवाजाने त्याहून. पालखीतून उतरल्या त्या बोलतच उतरल्या. लेकीस पोटाशी धरिले, गौरीचा झोपाळा पाहिला, आणि पाटावर बसल्या. राजे सासूच्या पाया पडावयास आले ते उंबऱ्याशी टेकून बसले. सूनबाईंनी चांदीच्या पेल्यात पन्हे दिले. विहीणबाईंनी एक घोट घेतला. पेला थांबला. आईसाहेबांनी खाली मान घातली आणि मनात देवीचे नाव घेतले.

"अगबाई!" विहीणबाई म्हणाल्या. "पन्हे आहे की भिस्त्याची पखाल?"

बायका पदरात तोंड घालून हसू लागल्या. विहीणबाईंनी मग आंब्याची डाळ चाखली. "आणि ही डाळ! हिचे लग्न कुठल्या उंटाशी लाविले? वऱ्हाड आले का सगळे, की काही मागे राहिले?"

आता रीत म्हणून राजांनी हसावयाचे, परंतु त्यांस लागले. म्हणाले, "सासूबाई, थट्टा पुरे. अवघा जिन्नस नव्या कोठारातला आहे. आणि ते आम्ही आपलेच पाहून बांधिले."

"आमचे कोणते, जावईबापू?"

"नदीकाठचे. लांबलचक. खिडक्या खिडक्यांचे, एका छपराचे."

विहीणबाई राजांकडे पाहत राहिल्या. मग त्यांचे खांदे हलू लागले, मग पाट हलू लागला, आणि हसता हसता त्यांस ठसका लागला. "अहो जावईबापू, तो कडबा! आमच्याकडच्यांचे हत्ती लाडके, त्यांस भिजला कडबा चालत नाही, म्हणून ती इमारत. खिडक्या वारा लागावा म्हणून. एका पेंढीवर दुसरी, छपरापर्यंत नुसता कडबा! धान्य आमचे अंबारात, गूळ निराळा, मीठ निराळे, दारू तर गावकुसाबाहेर. पण तुम्ही विचारले का नाही?"

राजे म्हणाले, "जावयाने विचारू नये ना."

"आणि मी बघत होते हो, जावयाची मान हत्तीवरून मागे वळली ती सरळ होईना. मला वाटले, जावयास खिडक्या आवडल्या."

ठकूबाई कोपऱ्यात पळी घेऊन उभी होती. तिला राहवेना. राजे मातोश्रींकडे वळून म्हणाले, "आईसाहेब, आपणही रोज हेच जेवता. आपण तर कधी काही..." तो ठकूच म्हणाली, "जेवतात कुठे? फाल्गुनापासून अन्न नाही पोटात. केळ्यावर आहेत. हात बघा त्यांचे."

आईसाहेबांनी हात पदराखाली ओढिले, परंतु बांगड्या वाजल्या त्या कोपरापाशी वाजल्या. राजे उठले. विहिरीवर गेले, तपकिरीची डबी काठावर ठेविली, आणि घागरीमागून घागर नाकातोंडावर घेतली, जोवर नाक पोरासारखे मोकळे होईना तोवर. परत येऊन सासूच्या हातचा पेला घेतला आणि हुंगिला. चेहरा ऐसा जाहला की सूनबाई घाबरली.

"हे आम्ही लोकांस खाऊ घातले?" राजे म्हणाले. "आणि कोणी बोलले नाही?"

"अन्नाला नाव ठेवू नये, महाराज," कोन्हेरपंत दाराबाहेरून म्हणाले, आणि जन्मात प्रथमच 'उत्तम' म्हणाले नाहीत.

राजे मातोश्रींच्या पायांशी बसले. "उद्या घास आहे. आत्ता बाजारातून तांदूळ आणवितो, पाहिजे तर गावोगाव स्वार सोडितो."

"मागून आणलेले नैवेद्यास चालत नाही, राजे. घरच्या साठ्यातले हवे."

"घरचे अवघे त्या छपराखाली आहे!"

आईसाहेब म्हणाल्या, "अवघे नाही. तुमची माणसे छप्पर पाहून गेली. एक घर छपराविना आहे. परंतु ते आपण होऊन उघडवावे तर का उघडले ते सांगणे आले, म्हणून मी गप्प होते. आणि आता सांगते म्हटले तर नाव घ्यावे लागेल, आणि नाव घेतले तर तुमच्या नियमाप्रमाणे प्रदक्षिणा. तेवढे चालण्याचे बळ आता पायांत नाही हो."

राजांनी मातोश्रींच्या पायांवर हात ठेविला. म्हणाले, "आईसाहेब, नाव आपण घ्या. पाय आमचे."

"पेव," आईसाहेब म्हणाल्या. "तुळशीजवळची शिळा. तिच्याखाली जमिनीच्या पोटात पेव आहे, तिथे गेल्या सुगीची शाळू ज्वारी भरली आहे."

कोन्हेरपंत म्हणाले, "त्या शिळेवर तर मी थंडीभर बसलो होतो!"

ठकू म्हणाली, "उबवलेत हो, पंत. आता पिल्ले बाहेर येतील."

मग राजे भर उन्हात अनवाणी प्रदक्षिणेस निघाले. पंत मागून निघाले, चोपदार निघाला, शिलेदार निघाले. कोणी काही चुकीचे बोलले नव्हते, तरी अवघा दरबार धन्याच्या मागे चालला. परत येऊन शिळा हलविली, मातीचा लेप फोडिला, आणि काळे तोंड उघडे पडले, विहिरीहून अरुंद. आतून कोंडलेला उष्ण वारा आला. राजे कंबर कसून दोर धरावयास धावले, तो आईसाहेब म्हणाल्या, "आधी दिवा. पेव बंद राहिले की आतला वारा मेलेला असतो, त्यात माणूस उतरला तर परत येत नाही." दोरीस निरांजन बांधून आत सोडिले. अर्ध्यात गेले आणि विझले.

"आम्ही श्वास धरून उतरतो," राजे म्हणाले.

विहीणबाई पुढे आल्या, आता आवाजात थट्टा नव्हती. "जावईबापू, माझ्या लेकीचे कुंकू त्या दोराला बांधलेले आहे. दिवा उतरेल तेव्हाच तुम्ही उतराल."

मग लिंबाचे डहाळे दोरीस बांधून आत खाली-वर हलविले, नवा वारा घातला, जुना काढिला. पुन्हा दिवा सोडिला, पुन्हा विझला. सूनबाई तुळशीस हात जोडून उभी. आईसाहेबांचे ओठ तेवढे हलत होते. ऊन कलले. तिसऱ्या खेपेस निरांजन तळापर्यंत गेले आणि तेथे शांत तेवत राहिले, जणू देवीच खाली जाऊन बसली. तेव्हा राजे उतरले. कडेची शाळू ओलीने काळवंडली होती, ती हाताने सारिली, मध्यापर्यंत खणिले, आणि मुठीत आली ती मोत्यांसारखी पांढरी. राजांनी मूठ नाकाशी नेली. वास आला तो मातीचा, सुगीचा, लहानपणी आईचा पदर धरून खळ्यावर गेले होते त्या दिवसाचा. वरून पंत हाका मारू लागले, "महाराज, बरे आहात ना?" बहुत वेळ उत्तर नाही, आणि मग खालून आवाज आला, "पंत, हे उत्तम!"

अक्षय्यतृतीयेच्या सकाळी दोघी विहिणी एका जात्यावर बसल्या. आईसाहेबांच्या हातांत बळ थोडे, तर विहीणबाईंनी खुंट्याला जोर दिला आणि ओव्या आईसाहेबांनी म्हटल्या. पिठाची भाकरी आईसाहेबांनी स्वतः थापिली, वर लोण्याचा गोळा ठेविला, आणि फाल्गुनापासून अन्नाविना राहिलेला देवीसमोरचा पाट भरला. घंटा वाजली. व्याही, राजे, दरबार अवघे पंगतीत बसले, आणि दोघी विहिणी समोरासमोर बसल्या. विहीणबाईंनी भाकरीचा घास लोण्यात बुडवून आईसाहेबांच्या तोंडी दिला, आणि आईसाहेबांनी तो घेतला. डोळे भरून आले, तरी चावता चावता हसत होत्या. मग त्यांनी विहीणबाईंस घास दिला.

पंगत थांबली. विहिणीने खोड काढावयाची होती. सुंदराऊंनी घास घोळविला, कपाळास आठी घातली, आणि म्हणाल्या, "मीठ कमी आहे हो."

राजे पंगतीतूनच म्हणाले, "सासूबाई, मीठ तोफ प्याली!"

हशा ऐसा उठला की छतावरची कबुतरे उडाली. आईसाहेबांनी ताटातली भाकरी संपविली, आणि ठकूकडे पाहून हळूच म्हणाल्या, "अर्धी आणखी वाढ ग." ठकूने अख्खी वाढिली.

मग पुढे काय जाहले, तर जिन्नस ज्याच्या त्याच्या घरी परत गेले, आणि दारांवर नावे पुन्हा चढली. तांदूळ उन्हात पसरून वारा देता देता श्रावणापर्यंत माणसात आला. पखाली भिस्त्यांकडे गेल्या. मोठ्या कोठारात कडबा भरिला, छपरापर्यंत, आणि राज्यातल्या घोड्यांनी तेवढे वैभव पूर्वी पाहिले नव्हते. तपकिरीची डबी विहिरीच्या काठावरून कोणी उचलली नाही, ती तेथेच आहे. प्रदक्षिणेचा नियम रद्द जाहला, तरी जेवणानंतर लोक कडब्याच्या कोठाराभोवती एक फेरी घालून येत, कारण तिने अन्न पचते ऐसे सर्वांच्या ध्यानी आले होते. आणि राजे पुढल्या दिवाळीस सासुरवाडीस गेले, तेव्हा हत्ती नदीकाठी थांबविला, बोट दाखविले, आणि मोठ्याने पुसले, "सासूबाई, यात काय?" त्यावर वाड्याच्या सज्जातून उत्तर आले, "कडबा, जावईबापू, कडबा!" कोणी डोळ्यांस पदर लाविला नाही.

तात्पर्य थोडके. घर बांधणे हे गवंड्याचे काम, परंतु कशाशेजारी काय ठेवू नये हे ज्या घरास कळते तेच कोठार. त्या राज्यात दारूखान्याच्या दारूने तोफ पुन्हा वाजली, कोठीतला भात पुन्हा भातासारखा लागला, आणि आईसाहेबांच्या बांगड्या मनगटावर आल्या. ज्यांनी हे वाचिले त्यांच्या घरचे पेव भरलेले राहो, आणि त्यांच्या पंगतीस एक तरी विहीण खरे बोलणारी मिळो. देवीचे पायी लेखणी ठेविली.